हात कुठे आखडायचा: रेडमी नोट ४चं रसग्रहण

शाओमीचा रेडमी नोट ४ हा फोन पाठीकडून बघायला सुरुवात करावी. मधला मोठा भाग ॲल्युमिनियमचा, हाताला गार लागणारा, कडांना किंचित वळवलेला. वर आणि खाली मात्र एकेक पट्टी वेगळ्या मालाची आहे. रंग तोच, चकाकीही जवळपास तीच. पण नखाने टकटक केली की आवाज बदलतो. या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत. रेडिओलहरी धातूतून आरपार जात नाहीत, म्हणून जिथे अँटेना बसवायचा तिथे धातूला रजा द्यावी लागते. त्या काळातल्या महागड्या फोनांत यासाठी अखंड धातूच्या पाठीत बारीक रेघा कोरून त्यात प्लास्टिक भरलेलं असायचं. ते काम खर्चाचं. इथे सरळ वेगळ्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि जोडावर एक झळाळती रेघ ओढली आहे. साडीला किनार असावी तसा हा जोड दिसतो. लपवलेला नाही, उलट सजवलेला आहे. स्वस्त फोनची सगळी कला या एका रेघेत सापडते. पैसे कुठे वाचवले ते कळतं, पण खटकत नाही.

लाखाच्या फोनचं कौतुक करायला रसिक लागत नाही. त्यात सगळंच उत्तम असतं, निदान असायला हवं. दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये मात्र प्रत्येक चांगल्या गोष्टीपायी दुसरी एखादी गोष्ट कापलेली असते. म्हणून त्यात काय आहे याच्या यादीवर त्याची पारख होत नाही. हात कुठे सैल सोडला, कुठे आखडला आणि हे ठरवताना वापरणाऱ्याचा विचार किती केला, यावर ती होते. या कसोटीवर घासून बघावा असा फोन म्हणजे नोट ४. तो १९ जानेवारी २०१७ रोजी भारतात आला आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक खपाच्या फोनांत जाऊन बसला.

त्याचा मुहूर्तही बघण्यासारखा आहे. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं. या कंपनीकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच. साधा फोन लावायचा तरी तो फोरजीवरूनच, व्होल्टी नावाच्या तंत्राने. म्हणजे लाखो लोकांच्या हातातले चालू फोन एका रात्रीत निम्मे निरुपयोगी ठरले, कारण फुकटचं इंटरनेट आणि फुकटचे कॉल समोर असून ते घेता येत नव्हते. मग ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि ३० डिसेंबरला फोनवरून पैसे द्यायचं भीम ॲप आलं. ज्यांनी आजवर फोन फक्त बोलायला वापरला, त्यांना चार महिन्यांत पडद्यावर सिनेमा बघायची सोय झाली आणि पडद्यावरून पैसे द्यायची गरजही पडली. अशा वेळी व्होल्टी असलेला, मोठ्या पडद्याचा, दिवसभर टिकणारा फोन दहा हजारांत कोण देतं, हा प्रश्न घराघरात होता. नोट ४ हे त्या प्रश्नाचं नेमक्या वेळी आलेलं उत्तर होतं.

किंमत तीन पायऱ्यांत लावलेली होती. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण ९,९९९ रुपयांना. ३ जीबी रॅम आणि तीच साठवण १०,९९९ला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण १२,९९९ला. यातली पहिली पायरी मुख्यतः जाहिरातीसाठी. ‘दहा हजारांच्या आत’ म्हणता यावं म्हणून ती असते. २ जीबी रॅममध्ये व्हॉट्सॲपवरून नकाशात गेलं आणि परत आलं, की व्हॉट्सॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायचं. हजार रुपये जास्त टाकून मिळणारी मधली पायरी हा खरा नोट ४. आणि तिसरी पायरी, ज्यांना फोन तीन-चार वर्षं वापरायचा आहे त्यांच्यासाठी. सगळ्यांत स्वस्त फोनलाही ३२ जीबी साठवण दिली, हा मात्र सढळ हाताचा निर्णय. त्या दिवसांत १६ जीबी हेच या किमतीत रूढ होतं, आणि घरातल्या तीन-चार व्हॉट्सॲप गटांतल्या ‘शुभ सकाळ’नेच त्यातली जागा संपायची.

आता या फोनच्या गाभ्याकडे, म्हणजे प्रोसेसरकडे येऊ. इथे पहिल्या दिवशी जाणकारांनी नाक मुरडलं होतं, आणि वरवर बघता त्यांचं बरोबरच होतं. आधीच्या वर्षीच्या नोट ३मध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६५० ही चिप होती. तिच्यात सहा कोर, त्यातले दोन कॉर्टेक्स-ए७२ या दणकट जातीचे. नोट ४मध्ये आली स्नॅपड्रॅगन ६२५. कोर आठ, पण आठही कॉर्टेक्स-ए५३ या साध्या, काटकसरी जातीचे. आकडा ६५०वरून ६२५वर उतरला. जड खेळ, मोठी वेब पानं, एकदम जोर लावायची कामं यांत नवा फोन जुन्यापेक्षा मागे. नव्या वर्षी धाकटा भाऊ अशक्त निघाला, अशी ओरड झाली.

पण चिप किती पळते हा एक प्रश्न, आणि पळताना काय खाते हा दुसरा. ६५० ही २८ नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीने घडवलेली चिप. ६२५ मात्र १४ नॅनोमीटरची, म्हणजे त्याच पिढीच्या कारखानदारीतली, जिच्यात तेव्हाची सर्वांत महागड्या फोनांतली स्नॅपड्रॅगन ८२० घडली होती. ट्रान्झिस्टर जितका बारीक आणि नीट बांधलेला, तितकी वीज कमी लागते, गळतीही कमी आणि तापणंही कमी. म्हणजे कंपनीने आराखडा साधा घेतला आणि घडण उंची घेतली. स्वस्त फोनमध्ये सहसा याच्या उलट होतं. कागदावर दणदणीत आकडे, आणि आत अशी चिप की अर्ध्या तासात फोन तापतो, मग स्वतःचं तापमान सांभाळायला वेग कमी करतो आणि अडखळायला लागतो. जळगाव-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. तिथे क्षणभर जोरात पळणाऱ्या फोनपेक्षा तासभर एका लयीत चालणारा फोन बरा. ६२५चा वेग कधीच डोळे दिपवत नाही, पण तो दुपारी तीनला असतो तोच रात्री नऊला असतो. गेम खेळणारा तरुण सोडला तर बाकी सगळ्यांच्या वापराला हाच गुण उपयोगी.

याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे बॅटरी. ४,१०० एमएएच ही तेव्हा मोठी बॅटरी. काटकसरी चिप आणि मोठी बॅटरी अशी जोडी जमल्यावर साधारण वापरात फोन दीड ते दोन दिवस चालतो. या दोन गोष्टी सुट्या सुट्या बघितल्या तर दोन्ही सामान्य वाटतील; रसिकाने त्या एकत्र वाचाव्यात. रात्रीच्या पाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात हाच फोन विजेरी म्हणूनही असतो, आणि पहाटे घरी येईपर्यंत तो जिवंत राहणं हीच त्याची खरी परीक्षा. विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याचंही तेच. तिथे चार्जिंगला जागा नसते. या बॅटरीपायी फोन जड झाला. शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवला की खिसा लोंबतो. ते चालवून घ्यावं. चार्जिंग मात्र सावकाश आहे. सोबतचा चार्जर साधा, ५ व्होल्ट २ अँपिअरचा, आणि जलद चार्जिंगची सोय नाही. बॅटरी पूर्ण भरायला दोन तासांहून जास्त जातात. रात्री लावून झोपणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, घाईतल्या माणसाला पडतो.

पडदा साडेपाच इंची, फुल एचडी, म्हणजे इंचाला चारशे बिंदू. हा आकडा इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा मराठी वाचणाऱ्याच्या जास्त कामाचा. देवनागरीची वीण दाट असते. ‘राष्ट्र’मधला ष्ट्र, ‘वाङ्मय’मधला ङ्म, ‘तऱ्हा’मधला तो आडवा र, रफारावर बसलेला अनुस्वार, हे सगळं एका अक्षराच्या उंचीत मावतं. एवढ्याच आकाराच्या कमी बिंदूंच्या स्वस्त पडद्यावर ही जोडाक्षरं काळ्या ठिपक्यासारखी दिसतात आणि वाचणारा अंदाजाने शब्द ओळखतो. नोट ४वर बारीक टाइपातलं दैनिकाचं पान चष्मेवाल्या माणसालाही सुटं सुटं दिसतं. काचेच्या कडा किंचित गोलाकार केल्यात, त्यामुळे बोट बाजूने सरकताना धार लागत नाही. मागचा-पुढचा प्रवास करायची तीन बटणं पडद्याखाली वेगळी दिली आहेत, म्हणून पडद्याची पूर्ण उंची वाचायला मिळते. आणि ती अंधारात उजळतातही. कितीतरी स्वस्त फोनांत या बटणांमागचे दिवे वगळून चार पैसे वाचवलेले असतात. इथे ते वाचवले नाहीत.

छोट्या गोष्टींत या फोनचा स्वभाव जास्त कळतो. वरच्या कडेला हेडफोनच्या भोकाशेजारी एक काळा ठिपका आहे. तो इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा डोळा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी, सगळं यावरून चालतं. घरातला रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला असताना, किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातला टीव्ही कर्कश झालेला असताना, या ठिपक्याचं मोल कळतं. महागड्या फोनांतून ही सोय तोवर हद्दपार होऊ लागली होती. स्वस्त फोनने ती जपली, कारण ज्या घरात तो जाणार होता तिथे रिमोटवर चालणाऱ्या वस्तू होत्या आणि त्यांना इंटरनेट नव्हतं.

खालच्या कडेला चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाळ्या आहेत. दोन स्पीकर असावेत असं वाटतं. बोटाने एक जाळी झाकली की आवाज बसतो, दुसरी झाकली तर काहीच होत नाही. स्पीकर एकच, दुसरी जाळी समतोलासाठी, मागे माइक. ही फसवणूक म्हणावी की सौष्ठव? माझ्या मते सौष्ठव, कारण खोक्यावर कुठेही दोन स्पीकर असल्याचा दावा नाही. पण फोन आडवा धरून सिनेमा बघताना तळहात नेमका खऱ्या जाळीवर येतो, तेव्हा दुसरीही खरी असती तर, असं वाटून जातं.

चार्जिंगचं भोक जुन्या मायक्रो-यूएसबीचं. २०१७मध्ये टाइप-सी बाजारात रुळू लागलं होतं, तेव्हा हा मागासपणा म्हणता येईल. त्याची दुसरी बाजू अशी की घरातल्या, दुकानातल्या, एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशाकडच्या, सगळ्या वायरी तेव्हा मायक्रो-यूएसबीच्याच होत्या. विकत घेतला त्या दिवशी हा निर्णय सोयीचा होता, तीन वर्षांनी गैरसोयीचा ठरला.

सिमच्या ट्रेचा निर्णय मात्र सरळसरळ चुकलेला. ट्रेमधल्या दुसऱ्या खाचेत एक तर दुसरं सिम बसतं किंवा मेमरी कार्ड, दोन्ही नाही. ज्या वर्षी निम्म्या देशाने जुना नंबर एका सिमवर ठेवून दुसरं सिम जिओचं घेतलं, त्याच वर्षी हे घडलं. गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ कार्डात भरून ठेवणाऱ्या माणसाला एक तर नंबर सोडावा लागे, नाहीतर गाणी. ३२ जीबीची सढळ साठवण याची थोडी भरपाई करते, एवढंच.

कॅमेऱ्याकडे येताना मात्र हात चांगलाच आखडलेला दिसतो. मागे १३ मेगापिक्सेल, पुढे ५. दुपारच्या उन्हात अंगणात वाळत घातलेली हळद, शाळेचं स्नेहसंमेलन, डोंगरावरून दिसणारं धरण, हे फोटो झकास येतात. रंग थोडे गडद, लोकांना आवडतात तसे. पण दिवस मावळला की सगळं बदलतं. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत नवरी शांत उभी असेल तर फोटो निभावतो, पण अक्षता टाकणारे हात वाहून जातात. मुलगा पळत असेल तर त्याच्या जागी नुसता फराटा उरतो. सावलीच्या भागात रवाळ कण दिसतात, आणि ते झाकायला सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून बोळा फिरवतं. मग आजीच्या सुरकुत्याही पुसल्या जातात. मेगापिक्सेलचा आकडा इथे काही मदत करत नाही. कमी उजेडात फोटो चांगला यायचा तर मोठा सेन्सर हवा, जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी आणि हात थरथरला तरी लेन्स स्थिर ठेवणारी सोय हवी. या तिन्ही गोष्टी महाग, आणि तिन्ही इथे बेताच्या, किंवा नाहीतच.

हे नीट समजून घ्यायला शेजारी मोटो जी५ प्लस ठेवावा. तो मार्च २०१७मध्ये आला, आणि त्यातही हीच ६२५ चिप होती. त्याने कॅमेऱ्यावर खर्च केला. १२च मेगापिक्सेल, पण लेन्स एफ/१.७ची, म्हणजे नोट ४च्या एफ/२.० लेन्सपेक्षा जास्त उजेड घेणारी, आणि फोकस झटकन पकडणारा चांगला सेन्सर. जलद चार्जिंगही दिलं. त्यापायी बॅटरी ३,००० एमएएचवर आणली, पडदा ५.२ इंचांवर, आणि ३ जीबी रॅमच्या फोनला साठवण १६ जीबीच देऊन किंमत ठेवली १४,९९९. मेंदू एकच, संसार दोन. एकाने संध्याकाळचे फोटो निवडले, दुसऱ्याने दोन दिवस टिकणारी बॅटरी आणि चार हजारांची बचत. दोन्ही निवडी प्रामाणिक आहेत. पण २०१७मध्ये पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणाऱ्या घरासाठी दुसरी निवड जास्त शहाणपणाची होती.

इथवर आपण वस्तू बघितली. वस्तूच्या आतलं सॉफ्टवेअर बघायला लागलो की कौतुकाचा सूर उतरतो. अँड्रॉइडवर तेव्हा शाओमीचा स्वतःचा मुलामा असायचा, एमआययूआय नावाचा. त्यात कामाच्या गोष्टी पुष्कळ. एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप चालतात, त्यामुळे दुकानाचा नंबर आणि घरचा नंबर वेगळे ठेवता येतात. लांबलचक पानाचा एकच अखंड स्क्रीनशॉट निघतो. पण बॅटरी वाचवण्याच्या नादात हा मुलामा मागे चालणारी ॲप मुकाट्याने बंद करतो. मग निरोप उशिरा येतात, आणि ते वेळेवर यावेत म्हणून सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या खोलीत जाऊन परवानग्या द्याव्या लागतात. ते प्रत्येकाला कुठून जमणार?

पुढच्या आवृत्त्यांत तर फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये, म्हणजे फायली बघायच्या, गाणी ऐकायच्या, सुरक्षा तपासायच्या ॲपमध्येही जाहिराती येऊ लागल्या. यामागचं गणित कंपनीने नंतर उघड सांगितलं. एप्रिल २०१८मध्ये संस्थापक ले जून यांनी जाहीर केलं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. मग कंपनी जगते कशावर? इंटरनेट सेवांवर, त्यात जाहिराती आल्याच. म्हणजे ९,९९९ रुपये हा पहिला हप्ता. उरलेली किंमत तुमच्या डोळ्यांपुढून रोज वसूल होते. जाहिराती बंद करता येतात, पण एकेका ॲपमध्ये जाऊन. पाठीवरचा जोड उघड दाखवणाऱ्या फोनने हा जोड मात्र झाकून ठेवला, आणि माझ्या मते हीच या फोनची सगळ्यांत मोठी उणीव. कमी उजेडातला कॅमेरा हा परवडण्याचा प्रश्न होता, हा दानतीचा.

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांबाबतही तेच. फोन आला तो मार्शमेलोवर, म्हणजे ६.०वर, नुगाट, म्हणजे ७.०, त्याच्या पाच महिने आधीच आलं होतं. पुढे अधिकृतपणे ७.० मिळालं आणि गाडी तिथेच थांबली. वरचा मुलामा एमआययूआय ११पर्यंत नवा होत गेला, खालची जमीन मात्र तीच राहिली. तरी या फोनचं आयुष्य तिथे संपलं नाही. ‘मिडो’ हे त्याचं आतलं सांकेतिक नाव हौशी प्रोग्रामर मंडळींत प्रसिद्ध झालं. चिप सर्वपरिचित, कर्नेलचा सोर्स कोड खुला आणि लोकांच्या हाती फोन इतके, की लिनिएजओएससारख्या मुक्त प्रणाली त्यावर बसवल्या गेल्या, आणि कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्या चालू लागल्या. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. आधी कंपनीकडून फोनच्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायची परवानगी मागून थांबायचं, मग जोखीम आपल्या शिरावर घ्यायची. पण वस्तूची घडण चांगली असेल तरच कोणी तिच्यासाठी इतका खटाटोप करतं.

विक्रीच्या पद्धतीबद्दल एकच वाक्य पुरे. २३ जानेवारीच्या पहिल्या ऑनलाइन विक्रीत दहा मिनिटांत अडीच लाख फोन गेल्याचं कंपनीने अभिमानाने सांगितलं, पण ज्याच्या गावात इंटरनेट रांगत होतं त्याच्यासाठी ती दहा मिनिटं म्हणजे ‘माल संपला’ एवढाच निरोप होता.

तर निवाडा असा. घडण, चिप, बॅटरी, पडदा यांत नोट ४ने जिथे हात सैल सोडला तिथे नेमका सोडला, आणि त्याच्या किमतीत तेव्हा त्याला तोड नव्हती. कॅमेरा, चार्जिंग आणि सिमचा ट्रे यांत तो कमी पडला. त्यातल्या पहिल्या दोन उणिवा समजून घेण्यासारख्या, तिसरी नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याने गिऱ्हाइकाला पूर्ण किंमत सांगितली नाही. वस्तू म्हणून उत्तम, व्यवहार म्हणून मध्यम.

आज तुम्ही स्वस्तातला फोन घ्यायला जाल तेव्हाही असंच वाचा. चिप किती नॅनोमीटरची आहे ते विचारा, अँड्रॉइडच्या किती आवृत्त्या आणि किती वर्षं सुरक्षेचे अपडेट देणार ते लेखी बघा, दुकानातला नमुना हातात घेऊन फाइल मॅनेजर उघडा आणि त्यात जाहिरात दिसते का ते तपासा. मेगापिक्सेलचा आकडा सगळ्यांत शेवटी वाचा.